वैजयंता मॅडमच्या वहीतलं कोरं पान

आमच्या शाळेच्या कुंपणाजवळ कुणी भांडू नये. भांडायची सगळी मजा जाते.

परवाचंच सांगतो. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोन चुलतभाऊ रस्त्यातच जुंपले. एकाच्या हातात काठी. "तुझा स्टार्टरच उचकटून फेकतो बघ!" असं तो ओरडला मात्र, सातवीच्या वर्गातून आमच्या इंग्रजीच्या वैजयंता मॅडम हातातल्या खडूसकट धावत बाहेर.

"थांबा! परत म्हणा!"

"काय म्हणू?"

"काय उचकटणार ते."

"स्टार्टर."

"सापडला!" मॅडमनी वही उघडली. "नाव काय तुमचं?"

काठीवाला पांढराफटक पडला. "आवं मॅडम, केस करताय व्हय?"

"केस! दुसरा सापडला!"

झालं, भांडणातली हवाच गेली. दोघे भाऊ एका गाडीवर बसून घरी गेले.

मी गणिताचा माणूस. रहिमतपूरहून रोज मॅडम माझ्याच गाडीवर मागे बसून शाळेला येतात, त्यामुळे हा छळ मला घरपोच मिळतो. मॅडमचं म्हणणं असं, की मुलांना इंग्रजी शब्द पाठ करायला देऊच नयेत. शब्द त्यांच्या घरातच पडलेत, फक्त वेचून आणायचे. सहावी-सातवीच्या प्रत्येक पोराने रोज एक इंग्रजी शब्द आणायचा. पाटीवरचा, पुस्तकातला चालत नाही. घरातल्या माणसाच्या तोंडचा पाहिजे, आणि तो माणूस कोण, काय बोलला, तेही सांगायचं. मग मॅडम त्या शब्दाचं गणगोत फळ्यावर मांडतात. कुणाच्या चुलत्याने उसाची ट्रॉली 'ओव्हरलोड' झाली म्हटलं, की त्याच्यामागून ओव्हरटेक, ओव्हरटाइम, ओव्हरफ्लो सगळे हजर. खोटं कशाला बोलू, पोरांना शब्द येतात. माझे पाढे येत नाहीत, पण शब्द येतात.

अर्थात भानगडीही होतात. फौजेतून रिटायर झालेल्या एका आजोबांच्या नातवाने असले काही शब्द आणले, की मॅडमना फळा पुसून दारं लावून घ्यावी लागली. एका पोरीने आणलं, "आज्जी म्हणाली, सून लय हट्टी, अ‍ॅडजस्टच करत न्हाई." दुसऱ्या दिवशी सून शाळेत! तिला समजावता समजावता मॅडमना तिच्या तोंडचे चार शब्द मिळाले, म्हणून मॅडम खूश. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "रेकॉर्ड अपडेट ठेवत चला." मॅडम म्हणाल्या, "साहेब, दोन सापडले. नाव सांगा." मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला.

त्या वहीत प्रत्येक माणसाला एक पान आहे. वर नाव, खाली त्याचे शब्द. अख्खं गाव आहे त्यात. फक्त पहिलं पान कोरं. वर लिहिलंय, 'आई'.

मॅडमचं लग्न झालेलं नाही. घरी त्या आणि म्हातारी आई. मी पहिल्यांदा चहाला गेलो, तेव्हा आई म्हणाल्या, "बसा गुरुजी, गारव्याच्या कपाटातनं दूध काढते." मोबाईलला त्या 'हातातलं' म्हणतात, टीव्हीला 'चित्रांचं', आणि डॉक्टरला 'सुईवाला'. मी पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

परतताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे झालंय हे, सर. मी साताऱ्यात हॉस्टेलला होते. आई लाडू घेऊन आली आणि मैत्रिणींसमोर हौसेनं दोन-तीन इंग्रजी शब्द बोलली. मला लाज वाटली. म्हटलं, आई, तू इंग्रजी बोलू नकोस, हसतात सगळ्या. तेव्हापासून माझ्यासमोर तिनं एकही शब्द उच्चारला नाही. पंचवीस वर्षं होतील. मला तिच्या तोंडचा एक शब्द ऐकायचाय हो, एकच."

काय काय नाही केलं त्यांनी! रिमोट लपवून ठेवला, म्हटलं, आता तरी मागेल. आई म्हणाल्या, "वैजू, ते काळं बोटभर कुठं गेलं गं?" आणि इकडे पोरं नियमाला पक्की. रोज सकाळी विचारणार, "मॅडम, तुमच्या घरचा शब्द?" मॅडम म्हणायच्या, "उद्या."

मागच्या महिन्यात मॅडम तापाने चार दिवस अंथरुणाला खिळल्या. मी बघायला गेलो. उशाशी आई कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसलेल्या. मॅडमचं एकच, "सहामाही जवळ आली, पोरांचं कसं होणार, शब्द कोण घेणार." आई त्यांच्या केसांवरून हात फिरवत होत्या.

"वैजू, टेन्शन घिऊ नगंस गं बाळा. मी हाय न्हवं."

मी ताडकन उभा राहिलो. 'सापडला' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात तापलेल्या हाताने मॅडमनी माझं मनगट गच्च धरलं आणि मान हलवली. वही उशीखालीच होती. त्यांनी ती काढली नाही. वही उघडली असती तर आईंना कळलं असतं आपण काय बोललो, आणि म्हातारी पुन्हा गप्प झाली असती. तेवढं गणित मलाही कळलं.

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईंनी ते पदराने टिपलं आणि म्हणाल्या, "बघा की गुरुजी, ताप डोळ्यातनं उतरतुया. च्या टाकू न्हवं?"

सोमवारी मॅडम वर्गात आल्या. मी व्हरांड्यातच होतो. पोरांनी एका सुरात विचारलं, "मॅडम, तुमच्या घरचा शब्द?"

"नाही रे सापडला अजून," मॅडम म्हणाल्या.

इतक्या आनंदाने खोटं बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. ते पान अजून कोरं आहे.