ब्लडी मेरीला फोडणी

मुंबईहून बदलून आलेल्या आमच्या नव्या साहेबांनी सिल्वासाच्या ऑफिसात पाऊल टाकताच दीवला बदलीवर कुणाला पाठवायचं हा विषय काढला. यादीत माझं नाव सगळ्यात वर. बायकोची शाळेतली नोकरी इथली, डोकमर्डीचं क्वार्टर नुकतंच मिळालेलं. काही झालं तरी मला दीवला जायचं नव्हतं. अशात एका दुपारी साहेब सुस्कारा सोडून म्हणाले, "या गावात पावलोपावली बाटली मिळते, पण धड ब्लडी मेरी करणारा एक माणूस नाही."

"मी करतो की, सर. रविवारी घरी या," मी बोलून गेलो.

(तोवर मी कोकम सरबतापलीकडे काही ढवळलेलं नव्हतं.)

माझा मित्र अरविंद खडोलीच्या कारखान्यात लागण्याआधी बोटीवर नोकरीला होता. त्याने कृती सांगितली: व्होडका, टोमॅटोचा रस, लिंबू, मीठ, मिरपूड, तिखट सॉस आणि वूस्टर नावाचा काळा आंबट सॉस, वर सेलरीची दांडी. तो काळा सॉस सिल्वासात मिळेना, वापीतही मिळेना. मी हटलो नाही. चिंचेचा कोळ आणि गूळ घेतला. सेलरीच्या जागी कोथिंबीर.

शैलजा, म्हणजे माझी बायको, ओट्याशी उभी राहून बघत होती.

"ही मेरी कोण?"

"इंग्लंडची राणी, असं म्हणतात. फार माणसं मारली तिने, म्हणून ब्लडी. पण पेय पॅरिसचं. रशियात क्रांती झाली, तिथली माणसं पळून पॅरिसला आली, व्होडकाची सवय घेऊन. अमेरिकेतून टोमॅटोच्या रसाचे डबे आले. मग एका बारवाल्याने दोन्ही एकत्र केलं."

"आणि तुम्ही ते माझ्या साराच्या पातेल्यात आणलंत."

"तुला दीवला जायचंय का?"

तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "नीट गाळा. साली राहिल्यात."

रविवारी संध्याकाळी मी रस गाळला, सगळं घातलं आणि बाटली शेवटच्या थेंबापर्यंत पातेल्यात रिकामी केली. (बदलीचा प्रश्न होता, हात आखडता कशाला घ्या?) झाकण ठेवून अंघोळीला गेलो. परत येतो तो स्वयंपाकघरात इंजेक्शनच्या खोलीसारखा वास आणि गॅसवर पातेलं खळखळतंय.

"काय केलंस हे?"

"कच्चट वास येत होता. साहेब पहिल्यांदाच घरी येणार, म्हणून उकळी काढली. हिंग-मोहरीची फोडणी पण दिली."

"अगं, व्होडका उडून गेली ना."

"तरीच माझे डोळे चुरचुरत होते," ती म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. आता दुकान गाठणं शक्य नव्हतं. मी बर्फावर बर्फ घालून ग्लास भरला आणि साहेबांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"व्होडका जाणवत नाही हो."

"चांगल्या व्होडकाला वास नसतो, सर. चवही नसते. तीच तिची खासियत." (हेही अरविंदचंच ज्ञान.)

"अर्थात, अर्थात," साहेब घाईने म्हणाले.

दुसऱ्या ग्लासाला त्यांचे कान लाल झाले. (मिरपूड माझी होती.) तिसऱ्याला त्यांनी बूट काढले आणि आपल्याला लहानपणी तबला शिकू दिला नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. निघताना मी त्यांना खांद्याला धरून जिना उतरवला, जीपमध्ये बसवलं. वर आलो तर शैलजा विचारते, "मोहरी इतकी चढते?"

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचं दीव रद्द. आभार वहिनींचे माना. फोडणीची कल्पना त्यांची, हे काल त्यांनीच सांगितलं. अशी ब्लडी मेरी मी जन्मात प्यायलो नव्हतो. शनिवारी माझे मित्र येतायत, त्यांना पण वहिनींच्याच हातची हवी. तुम्ही मात्र ग्लासाला हात लावायचा नाही."

"मी, सर?"

"झेपत नसेल तर माणसाने घेऊ नये. काल जिन्यावर किती झोकांड्या खात होतात. मी धरलं म्हणून वाचलात."

खरं सांगितलं असतं, तर व्होडका कुठे गेली तेही सांगावं लागलं असतं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "सॉरी सर. पुन्हा पिणार नाही."