मशीनचं टेन्शन

तीन वाजता मुलीची मुलाखत, आणि दीड वाजला तरी तिच्या कोटाची डावी बाही टेलरमास्तरांच्या मांडीवरच! चार ठिकाणांहून नकार घेऊन आलेल्या पोरीला ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "नोकरीचं तू बघ, कोटाचं माझ्यावर सोड." आणि मशीनने ऐनवेळी दगा दिला. दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू गच्च बसला होता. दर दोन टाक्यांनी दोरा तटकन तुटे. मास्तरांनी तेल सोडलं, पकड लावली, शिव्याही घातल्या. स्क्रू ढिम्म.

शेवटी त्यांनी मेकॅनिकला मेसेज टाकला : "टेन्शन फार वाढलंय. सारखं तुटतंय. माझ्याने कमी होत नाही. ताबडतोब या."

आता घोळ असा, की जुन्या मेकॅनिकचा नंबर त्यांनी 'घरचा माणूस' म्हणून ठेवलेला, आणि नातेवाइकांच्या ग्रुपचं नाव 'घरची माणसं'. घाईत बोट एक ओळ खाली पडलं.

पंधराव्या मिनिटाला थोरली बहीण अक्का आणि दाजी धापा टाकत दुकानात हजर. अक्काने त्यांना स्टुलावरून उठवलं आणि तिथे स्वतःच ठाण मांडलं.

"आधी काम बंद! काय झालंय तुला?"

"अगं अक्का, टेन्शन मला नाही, मशीनला आहे!"

अक्काचा चेहरा पडला. "ऐकलंत? मशीनला टेन्शन आहे म्हणतोय."

"हो म्हण," दाजी कुजबुजले. "अशा वेळी वाद घालायचा नसतो."

"दाजी, सव्वादोन वाजले हो!"

"घड्याळाकडे बघूच नकोस. त्यानेच वाढतं." आणि दाजींनी भिंतीवरचं घड्याळ काढून काखेत मारलं.

तेवढ्यात मुलगी दारात आली. "बाबा, झाला कोट?" लोंबणारी बाही पाहून तिने तोंड फिरवलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रडू दे त्याला, मोकळा होईल," अक्का म्हणाली. बोलताना हाताला लागेल ते पिळायची तिची जुनी खोड. "लहानपणापासून असाच! सगळं आत दाबून ठेवायचं! कुणाला म्हणून सांगायचं नाही!"

कट्!

"अक्का, मशीनला हात नको लावू—" मास्तर ओरडले आणि थबकले. तेल मुरलेला स्क्रू अक्काच्या चिमटीत गरगर फिरत होता.

त्यांनी अक्काला जवळजवळ ढकलूनच स्टूल घेतलं. खडखडखड... दोरा तुटला नाही. मुलगी कोट चढवत धावतच सुटली.

संध्याकाळी ती उड्या मारत आली. नोकरी लागली होती! तोवर ग्रुपवर अक्काची बातमी झळकली होती : "त्याचं टेन्शन मी स्वतःच्या हाताने कमी केलं."

मास्तर खुलासा करायला बसले, पण त्यात खोटं काय काढणार? त्यांनी लिहिलेलं पुसलं आणि भरल्या मनाने नवं लिहिलं : "आज तू होतीस म्हणून निभावलं गं. तुझ्या हाताला तोड नाही."

क्षणात 'घरचा माणूस'चं उत्तर आलं. मेकॅनिकचं.

"मास्तर, बरे आहात ना? काही टेन्शन आहे का?"