रावसरांचे जावई

प्रयोगशाळेत नवं संयुग तयार झालं की आमचे रावसर सोज्जी-बज्जी मागवतात. चेन्नईत मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे हाच शिरा-भज्यांचा बेत असतो. सरांच्या मते संयुग म्हणजे स्थळ. ते रीतीनंच बघायला हवं.

सर तंजावरी मराठी, मी सांगलीची. तांब्याचं एक संयुग कर्करोगाच्या पेशी धडाधड मारत होतं, म्हणून मी हरखले. सर म्हणाले, "मारायला अस्के मारतात, मा. घरांत कसा राहतो, ते बघ." अस्के म्हणजे सगळे, आणि घर म्हणजे निरोगी पेशी. तांबोबांनी तिथेही तलवार चालवली आणि स्थळ मोडलं. जस्ताचं त्याआधीच मोडलं होतं. भजी मात्र कधी मोडली नाहीत, माझं वजन साक्षीला आहे.

बाकीचे लोक मूत्रपिंडाच्या पेशींवर तपासून थांबतात. सरांचा हट्ट कानाच्या पेशींचा. त्या मागवायला महाग आणि जगवायला भलत्या नखरेल. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला, पण सर ऐकतील तर शपथ.

मागच्या आठवड्यात रुथेनियमच्या संयुगाची पाळी आली. कर्करोगाच्या पेशी मेल्या, मूत्रपिंडाच्या जगल्या. सर भज्यांना हात लावेनात. मी कानाच्या पेशींचा निकाल वाचला. त्याही जिवंत होत्या. सरांनी पुन्हा बघायला लावलं. पुन्हा तेच.

सर फोन घेऊन व्हरांड्यात गेले. काचेच्या दारातून मला फोनच्या पडद्यावर त्यांची बायको, कमलाक्का, दिसत होती. सर तोंड मोठं करून एकेक शब्द सावकाश जुळवत होते, पण आवाज काढत नव्हते. सर आत आल्यावर मी विचारलंच. कमलाक्कांचा कर्करोग प्लॅटिनमच्या औषधानं बरा झाला आणि त्याच औषधानं त्यांचे कान गेले. तेव्हापासून त्या ओठ वाचतात.

पेशींपासून औषधापर्यंतची वाट किती लांबची, हे सरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"काय म्हणाल्या अक्का?"

"मला ऐकूं येईल का म्हणून विचारली. नाही म्हटलों." सरांनी चष्मा पुसला. "मग हसली. म्हणाली, राहूं दे. दुसरी कोणी असेल, तिला नातवाची हाक ऐकूं येईल."