बेवारशी पेट्यांचे नाना

आमचे वसंतनाना सकाळी गोदामात आले की आधी खोक्यांना नमस्कार करत, मग माणसांना. सगळ्याच खोक्यांना नव्हे. ज्याचा पत्ता फाटलाय, भिजलाय, उंदरांनी खाल्लाय, अशा बेवारशी मालालाच हा मान. धुळ्याला आग्रा रोडवर आमच्या ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. मी तिथे बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचो आणि कोपऱ्यात बसून नाना या मालाचा ठावठिकाणा लावायचे. त्या कोपऱ्याला ते 'पाहुण्यांची खोली' म्हणत. खोली कसली, दोन बाकं आडवी टाकलेली.

'बोला पाहुणे, कुणाकडे निघालात?' असं म्हणून ते खोकं हलवत, टिचक्या मारत, नाक लावत, आणि डोळे मिटून निकाल देत. निकाल पुष्कळदा चुकत. एकदा हळद म्हणून किराणा दुकानात पाठवलेल्या पोत्यातून भिंतीला लावायचा पिवळा रंग निघाला. दुकानाचे शेठजी पिवळे हात घेऊन स्वतः तक्रारीला आले. नाना शांतपणे म्हणाले, 'पाहुणा खोटं बोलला.'

खोकं फोडून बघा की, असं कुणी सुचवलं तर मात्र ते दुखावत. पाहुण्याच्या खिशात हात घालायचा नसतो, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एका लग्नसराईत एक लांबट लाकडी पेटी आली. ट्रकमध्ये तिच्यावर रॉकेलचा डबा सांडला होता. पत्त्यातलं 'शिर' तेवढं उरलं होतं, बिल्टीचा नंबरही पुसलेला. नानांनी पेटी हलवली, कान लावला, आणि आत पाण्याच्या इंजिनाचा भाग आहे असं जाहीर केलं. राहता राहिलं गाव. शिरूड, शिरसोली की शिरपूर? मालक म्हणाले, तिन्हीकडे कार्डं टाका. नानांनी मान डोलावली, आणि रविवारी पेटी काखोटीला मारून एसटी स्टँड गाठला. मलाही ओढून नेलं.

शिरूडला आम्ही इंजिनवाल्या शेतकऱ्यांची घरं पालथी घातली. पेटी कुणाचीच नव्हती, पण नाना प्रत्येक ओट्यावर टेकले. चहा प्यायले. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी का गेली, सगळं विचारून झालं तरी उठायचं नाव नाही. पुढच्या रविवारी शिरसोलीला तेच. परतताना मी वैतागून म्हणालो, हे काम एका कार्डात झालं असतं. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. रविवारी घरी करायचं काय, असं काहीसं पुटपुटले.

त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गल्लीत ते कुणाकडे जात नसत आणि त्यांच्याकडेही कुणी येत नसे.

शिरपूरला मात्र स्टँडसमोरच्या पानवाल्याने पेटी बघताच सांगितलं, 'हाई ते सुकाभाऊनी पेटी शे.'

सुकाभाऊ म्हणजे गावातले बँडवाले. पेटीत त्यांचं क्लॅरोनेट होतं, इंदूरला दुरुस्तीला गेलेलं. ते हरवलं म्हणून ऐन लग्नसराईत त्यांना सुपाऱ्या सोडाव्या लागत होत्या. आम्ही त्यांच्या घरी पोचताच त्यांनी पेटी उघडली, नळ्या जोडल्या, जिभेने पट्टी भिजवली आणि ओट्यावर बसूनच सूर लावला. रस्त्यावरची माणसं थबकली. नाना पाण्याचं इंजिन विसरून गेले.

वाजवून झाल्यावर सुकाभाऊंनी नानांचे हात धरले. 'भाऊ, तुमले काय देऊ?'

नाना हळूच म्हणाले, 'एकदा माझ्या दारात वाजवाल?'

'लगीन कोनं शे?'

'लग्न नाही. घर फार दिवस गप्प आहे.'

सुकाभाऊंनी नानांच्या घराचा पत्ता लिहून घेतला.

लग्नसराई संपल्यावर एका संध्याकाळी ते सगळा बँड घेऊन धुळ्याला आले. मखमली कोट, डोक्याला तुरे, ढोल-ताशे, काही बाकी नाही. नानांच्या दारात वाजायला लागलं तशी गल्ली बाहेर आली. बायका नवरी शोधू लागल्या. एका म्हातारीने तर नानांनाच विचारलं, मुंडावळ्या कुठे ठेवल्यात? नाना इस्त्रीचं धोतर नेसून दारात उभे, लाजून लाल झालेले. शेवटी लोकांनी विचारणं सोडून दिलं आणि ओट्यावर, पायऱ्यांवर, आत खाटेवर, जागा मिळेल तिथे बसून ऐकू लागले.

मी स्टोव्हवर चहा ठेवला. फडताळात कप दोनच होते. नानांनी ते बघितले, दारातली गर्दी बघितली, आणि धोतर सावरत शेजारच्या घरी गेले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी कडी वाजवली.

'वहिनी,' ते म्हणाले, 'थोडे कप देता का? आमच्याकडे माणसं आली आहेत.'