हिरव्या तांब्याची आंघोळ

माणसाने दगड जमवावेत, कारण जमवलेली माणसे उलट बोलतात, असा प्राध्यापकांचा सिद्धांत होता. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात त्यांनी मॅलाकाइट या मौल्यवान खनिजाचे गुळगुळीत गोटे मांडले होते: गर्द हिरवे, अंगावर फिक्या-गडद वलयांच्या रांगा.

"पाहा ही वलयं! कंपासनं आखल्यासारखी! सृष्टीत शिस्त आहे. नाही ती फक्त आमच्या घरात!"

वाकड्यातिकड्या पट्ट्यांचा एकच गोटा कपाटाबाहेर, रद्दीवर वजन म्हणून पडलेला असे. तो मेहुण्याने भेट दिलेला. याहून वरच्या जागेची त्या गोट्याची पात्रता नव्हती. मेहुण्याची तर नव्हतीच.

आज संग्रहालयाच्या संचालिका संग्रह पाहायला येणार होत्या. पसंत पडला, तर स्वतंत्र दालन आणि दारावर प्राध्यापकांचे नाव! सहकाऱ्यांना जळफळायला आयुष्यभराची सोय!

मुक्कामाला आलेल्या आत्याने सकाळी विचारले, "हे हिरवं हिरवं काय रे?"

"तुला समजेल असं सांगतो, आत्या. तांबं. हवापाण्यानं हिरवं पडलेलं."

"एवढंच होय!"

अज्ञान दूर केल्याच्या समाधानात प्राध्यापक संचालिकांना आणायला गेले. त्यांना घेऊन परतले, तो कपाट रिकामे! सगळे गोटे ओट्यावर पंच्यावर ओळीने निथळत होते.

"आत्या! काय केलंस हे?"

"तांबं हिरवं पडलं की लिंबू-मीठ! तुझ्या बायकोला एवढंही सुचू नये?"

"अहो, मी नको म्हणत होते," पत्नी म्हणाली, "तर म्हणतात, त्यानंच सांगितलंय तांबं आहे म्हणून."

"मॅलाकाइटला लिंबू!" प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. पण बोटांच्या फटीतून पाहतात, तर गोटे पूर्वीहून लखलखीत! त्यांची छाती फुगली. "बघितलंत बाई? अस्सलाला आम्ल काय करणार!"

"घासून घासून हात मोडले, पण मेल्यांचा हिरवेपणा जाईना," आत्या म्हणाली. "गुणी तो एकटा रद्दीवरचा. लिंबू पडताच कसा फसफसला!"

तो बिचारा निस्तेज, पांढुरका होऊन कडेला पडला होता.

"मेहुण्याचाच तो!" प्राध्यापक आनंदाने ओरडले. "खोटं किती दिवस लपणार!"

संचालिकांनी लखलखीत गोटा उचलून तळहातावर झेलला. मग तो ठेवून रद्दीवरचा उचलला.

"सर, मॅलाकाइट हाताला गार लागतं. वजनदार असतं. त्याची वलयं सहसा अशी वेडीवाकडीच असतात, आणि लिंबानं ते फसफसतं."

"मग... बाकीचे?"

"प्लॅस्टिक. येताना वाटेत कंपासनं आखल्यासारखे म्हणालात ना, तसेच आखलेत."

प्राध्यापकांनी एक लखलखीत गोटा उचलून तळहातावर तोलून पाहिला.

"याची झिलई गेलीय," पांढुरका गोटा रुमालात गुंडाळत त्या म्हणाल्या, "पण कापला तर आत सुरेख निघेल. हा आम्ही मांडू. खाली नाव कुणाचं लिहायचं?"

प्राध्यापकांनी तोंड उघडले.

"माझ्या भावाचं!" पत्नी म्हणाली.

आत्या मात्र खरोखर संतापली होती. "प्लॅस्टिक आहे, हे आधी सांगायचंस ना रे! साबणानं धुतले असते. फुकट माझी लिंबं गेली!"