एका पायावरचं तळं

मीटरवाल्यांना तळं हवं होतं. आयुष्यभर लोकांच्या अंगणांत शिरून विजेचे मीटर वाचले, तेव्हा कुठल्यातरी घरामागे पाहिलेलं तळं त्यांच्या डोक्यात जे मुक्कामाला आलं ते गेलंच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात ते बसवायला घेतलं. पाण्याचं नव्हे हो, फरशीच्या निळ्या-हिरव्या तुकड्यांचं.

बायकोला त्याच जागी कपडे वाळत घालायला तारा हव्या होत्या.

"गेल्या वर्षीचा मासा आठवतोय ना?" ती म्हणाली.

तो मासाही तुकड्यांचाच, पण साध्या पांढऱ्या सिमेंटात बसवलेला होता. पाणी पडलं आणि एकेक खवला घर सोडून गेला.

"या वेळी फटींत इपॉक्सी ग्राउट आहे. हलणार नाही."

"एक जरी तुकडा निघाला तरी तारा लागणार. सांगून ठेवते."

इपॉक्सीचं काम त्यांना फरशीच्या दुकानदाराने शिकवलं. दोन डब्यांतला माल मिसळायचा, फटींत दाबून भरायचा आणि घट्ट व्हायच्या आत वरचं ओल्या स्पंजने पुसायचं, नाहीतर कायमची साय धरते. "आणि सुरुवात कडेपासून करा," तो म्हणाला. गोम एवढीच, की त्याने हे सगळं टेबलावर ठेवलेल्या ताटाएवढ्या नमुन्यावर शिकवलं.

मीटरवाल्यांनी कडेपासून सुरुवात केली. गोल गोल, आत आत. ओलं ग्राउट उन्हात चमकायला लागलं, तुकडे हलल्यासारखे वाटायला लागले, कुठूनतरी गार वारासुद्धा आला. तंद्री उतरली तेव्हा ते मधोमध होते. डाव्या चपलेपुरती जागा कोरडी, उजवा पाय हवेत, बादली आणि स्पंज पार काठावर.

बायको धुणं घेऊन बाहेर आली. "अहो, हे काय?"

"तळं झालं."

"ते दिसतंय. तुमचं काय झालं?"

"बाहेर कसं यायचं, ते बघतोय."

"बघा निवांत." ती पायरीवर बसली.

"अगं, पुसलं नाही तर साय धरेल."

"धरू दे की. साय आवडते तुम्हाला."

तरी तिने भावाला शिडी घेऊन बोलावलं. मेव्हणा आला, दोन स्टुलांवर तळ्याच्या आरपार शिडी आडवी टाकली आणि पोटभर हसून घेतलं. "भाऊजी, बगळा राहिला होता वाटतं. तोही बसवलात?"

"आधी पूस. हलक्या हाताने, तिरकं."

मेव्हण्याने स्पंज असा रगडला की फटींतला मालच वर यायला लागला. ताईला ते बघवेना.

"ओटा तरी कधी धड पुसलास का? दे इकडे."

आणि जिला तळं नकोच होतं, ती शिडीवर पालथी पडून ते पुसत सुटली. पिळायची, पुसायची, पुन्हा पिळायची. राखाडी चिखलाखालून निळं वर यायला लागलं तशी तिची बडबड थांबली. एका जागी तर ती तीनदा पुसत बसली. पुसत पुसत नवऱ्याच्या पायाशी पोचली.

"उचला पाय."

"पाय उचलेल. चपलेचं सांगता येत नाही."

ग्राउट कडेकडेने सरकून चपलेला मिठी मारून बसलं होतं. मीटरवाले एका अनवाणी पायाने शिडीवरून घरी परतले.

सकाळी बायको उलथणं घेऊन बाहेर आली. एकेक तुकडा उचकटून पाहिला. मीटरवाले दारात उभे. एक तुकडा हलला नाही. चप्पल हलली नाही. नावाडी उतरून गेलेल्या होडीसारखी ती मधोमध उभी होती, आणि एक चिमणी तिच्यात बसून तळ्याकडे बघत होती.

"अहो, डब्यांत उरलंय का थोडं?"

मीटरवाल्यांनी ओळखलं. हिला तारांचे खांब बसवायचे असणार. "आहे. का?"

तिने पायातली उजवी चप्पल काढून त्यांच्या हातात दिली. "ही शेजारी बसवा. तुमची एकटी जाईल भरकटत कुठेतरी. तारा गच्चीवर लावू."

ते चप्पल घेऊन निघाले, तोच मागून आवाज आला.

"आणि या वेळी आतून बाहेर या."