काटा काही हलेना

नऊ वाजले तरी काटा हलेना, तशी मिरेल जेलिनास पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघू लागली. अकराला परीक्षक यायच्या होत्या.

कॅनडातल्या ट्रॉ-रिव्हिएरच्या त्या प्रयोगशाळेत मिरेलनं चार वर्षं काढली, ती चिमूटभर काळ्या पुडीपायी. पॅलेडियम धातू मिसळलेली कार्बनची पूड, हायड्रोजन पिऊन पोटात साठवणारी. यंत्राच्या डबीत पूड ठेवायची, हायड्रोजन सोडायचा आणि तासाभरात दाबाचा काटा किती उतरला ते लिहायचं. काटा जितका खाली, तितकी पूड जास्त प्यायली. आजवर तो दर वेळी भराभरा उतरला होता. मिरेलची डॉक्टरेट त्याच काट्याला लटकलेली होती आणि आज मेला ढिम्म!

"पूड आखडली असेल. गरम कर जरा," तिचे मार्गदर्शक प्रोफेसर लासेर्त म्हणाले.

मिरेलनं पूड गरम केली, निववली, पुन्हा हायड्रोजन सोडला. काचेवर टिचकी मारली. शेवटी हात जोडायचे तेवढे राहिले. पावणेअकरा झाले. काटा जागच्या जागी.

इतक्यात यंत्रांचा मिस्त्री फर्नांद मेपलचा डोनट चघळत आला. सैल दिसेल ते पिळायचं, ही त्याची साठ वर्षांची खोड.

"काय गं पोरी, चेहरा का असा पांढराफटक? आज तर यंत्र झकास हवं. काल मी मागचा नट घट्ट केलाय. निळ्या रंगानं पार चिकटला होता. रंग तडकवून पिळला तेव्हा कुठे बसला!"

मिरेलनं मागच्या नटाकडे पाहिलं. पूड हायड्रोजन पीत नव्हती. हायड्रोजन त्या नटातून पळत होता!

"चार वर्षं गळत होता?" ती किंचाळली. "आणि भिंतीपलीकडे रोज तुमचा टोस्टर तापतोय! एका ठिणगीनं भडका उडाला असता!"

फर्नांदच्या हातातला डोनट खाली पडला.

"पंखा चालू असतो म्हणून वाचलो," लासेर्त कपाळ पुसत म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मिरेल, आजच्यापुरता... अर्धा आटा सैल केलास तर?"

मिरेलनं पाना उचलला. खोटं काही तिला जमायचं नाही, पण चार वर्षं पाण्यात जाताना कुणाला बघवतात? ती यंत्रामागे वाकली. पाना नटावर टेकवला, तोच मागून आवाज आला.

"काय शोधताय?"

दारात परीक्षक डॉ. ऑड्री हॅलोरन उभ्या. पुडीनं हायड्रोजन पिण्याचा विक्रम वीस वर्षं यांच्याच नावावर. मिरेलच्या हातून पाना खणकन पडला आणि त्यामागोमाग तिच्या तोंडून सगळं खरंही पडलं. सैल नट, गळती, फुकट गेलेली आकडेमोड. लासेर्त खिडकीबाहेर बघत राहिले.

बाई रागावल्या नाहीत. यंत्राभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "हे कुठून आणलंत?"

"तुमच्याकडूनच की! जुनं म्हणून विकलंत ना," लासेर्त म्हणाले. "तुमचा तो विक्रम याच्यावरच..." आणि त्यांनी एकदम नटाकडे पाहिलं.

"नट वाटेत सैल झाला असेल," बाई घाईनं म्हणाल्या.

"छे हो बाई!" फर्नांद म्हणाला. "आट्यांवर रंग होता. सैल असतानाच रंगवलाय. तुमच्याकडच्याच निळ्यानं!"

बाई स्टुलावर बसल्या. आता त्यांचाच चेहरा पांढराफटक झाला होता. मिरेलनं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. त्यांनी तो एका दमात अर्धा संपवला.

"प्रबंधात गळतीवर प्रकरण आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई."

"लिही. सगळं लिही, नटासकट. डॉक्टरेट मिळेल तुला." बाईंनी ग्लास खाली ठेवला आणि आवाज आणखी खाली आणला. "फक्त जरा सावकाश लिही. जूनमध्ये मी निवृत्त होतेय."